शादली तय्याबाचं इंजेक्शन

आमच्या कैरवानमध्ये माणूस दोन ठिकाणी खोटं बोलू शकत नाही, असं मी गिऱ्हाइकांना नेहमी ऐकवतो. एक माझ्या खुर्चीत, कारण गळ्याशी वस्तरा असतो. आणि दुसरं शेजारच्या हमामात, कारण तिथे कमरेच्या पंचाशिवाय अंगावर काही नसतं. गिऱ्हाईक हसतं, मीही हसतो. पण शादलीने त्याच हमामात वर्षभर सगळ्यांना फसवलं आणि भिंतीला भिंत लागून बसलेल्या मला, हमादी न्हाव्याला, त्याचा वाससुद्धा आला नाही. आमच्या धंद्यातल्या माणसाला ही मान खाली घालायचीच गोष्ट आहे.

शादली हमामातला तय्याब. गरम खोलीतल्या दगडी ओट्यावर माणसाला पालथं पाडायचं, खरखरीत हातमोज्याने मळ काढायचा, साबण चोळायचा आणि मग हाडन् हाड मोकळं करायचं, हे त्याचं काम. खांदा असा पिळायचा की माणसाला आई आठवायची, आणि तोच माणूस बाहेर येऊन पुदिन्याचा चहा पिताना शादलीला दुआ द्यायचा. आमच्या गल्लीतला एकही नवरदेव त्याच्या हातून न्हाल्याशिवाय लग्नाला उभा राहिलेला नाही. आदल्या दिवशी दोस्तमंडळी नवरदेवाला वाजतगाजत हमामात आणायची, आणि मग शादलीची जीभ हातांपेक्षा जोरात चालायची.

"हा दंड आहे की दुधी भोपळा? बायकोला उंबऱ्यावरून आत कसा नेणार तू, दोन खेपांत?"

सगळा हमाम हसायचा. नवरदेवही हसायचा, न हसून सांगतो कुणाला. बेकरीवाला बहरी जरा लठ्ठ, छाती थोडी लोंबती. शादलीने भर हमामात त्याला 'लल्ला बहरी' म्हटलं. लल्ला आम्ही बायकांना म्हणतो, आदराने. बहरीला नातवंडं झाली, दाढी पांढरी झाली, पण ते नाव काही सुटलं नाही. मीही त्याला तेच म्हणतो, खोटं कशाला बोलू. हे आधी सांगितलं, कारण हमाम कसा हसतो हे शादलीइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

आता मुख्य गोष्ट. शादलीला लघवीचा त्रास सुरू झाला आणि सूस शहरातल्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं की प्रोस्टेटचा कॅन्सर आहे. आटोक्यात राहील, पण दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन घ्यावं लागेल. बेंबीच्या बाजूला कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी गोळी सोडायची. ती हळूहळू विरघळते आणि पुरुषाच्या शरीरातला पुरुषी हार्मोन बंद पाडते.

"हा रोग त्या हार्मोनवर पोसतो," डॉक्टर म्हणाले. "त्याचं अन्नपाणीच तोडायचं."

"मग माझ्यात राहिलं काय?" शादलीने विचारलं.

"तुम्ही राहाल की," डॉक्टर म्हणाले. उत्तर चांगलं होतं, पण शादलीच्या पचनी पडलं नाही.

हे सगळं मला फार उशिरा कळलं, काही त्याच्या तोंडून आणि बरंचसं त्याच्या बायकोच्या, मनूबियाच्या तोंडून. तुम्हाला आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझ्यासारखं तुमचं हसं व्हायला नको.

इंजेक्शनने रोग दबला, पण त्याबरोबर बाकीचंही दबलं. छातीवरचं जंगल विरळ झालं. दंड मऊ पडले. छाती दोन्ही बाजूंनी वाढू लागली, आणि नुसती वाढली नाही, सदरा घासला तरी दुखायची. अंगातून एकाएकी वाफ निघाल्यासारखं व्हायचं आणि तो घामाने निथळायचा. हमामात ते खपून जायचं, तिथे सगळेच निथळत असतात. घरी मात्र ऐन थंडीत, सगळे शेगडीभोवती हात शेकत असताना, हा ताटावरून उठून अंगणात जाऊन उभा राहायचा. रात्री भिंतीकडे तोंड करून झोपायचा. मनूबिया एकदा म्हणाली, "अहो, मला काय तेवढ्यासाठीच हवे होतात का तुम्ही?" त्याने ऐकलं नाही असं दाखवलं. तिने पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

कामावर तो बनियन घालून जाऊ लागला. तय्याब आणि अंगात बनियन! छातीत कफ झालाय म्हणून सांगायचा.

"अरे, भट्टीत राहून थंडी वाजते तुला?" मी विचारलं.

"तुझ्या त्या जिभेवरून एकदा वस्तरा फिरव," तो म्हणाला.

मी तेवढ्यावरच सोडून दिलं. शादलीने टोला हाणला म्हणजे शादली ठणठणीत आहे, असा माझा हिशोब.

इंजेक्शन आणायला तो स्वतः एकदाही गेला नाही. औषधाचं दुकान चौकात, दुकानात सदा चार माणसं, आणि त्यातली निम्मी त्याच्या हाताखाली पालथी पडणारी. मनूबियाचे गुडघे गेलेले. मग उरली सिहाम. ही त्याची एकुलती एक लेक, बालवाडीत शिकवायची, शांत आणि सरळ. गालिचेवाले हाजी मुनसिफ यांच्या अनीसशी तिची सोयरीक झाली होती आणि लग्न उन्हाळ्यात होणार होतं. बापाने तिला शपथ घातली होती की कुणापाशी बोलायचं नाही, अनीसपाशीही नाही. ती हो म्हणाली. औषध बर्फाच्या पिशवीतून घरी आणायची, आणि मग एक पोक्त नर्स घरी येऊन टोचून जायची. गल्लीने नर्सला येताजाता पाहिलं, पण मनूबियाचे गुडघे आहेतच की, असं म्हणून सोडून दिलं.

मौलिद, म्हणजे पैगंबरांच्या जन्माचा सण, त्याच्या आधीच्या आठवड्यात सिहाम दुकानात उभी होती आणि मागे दलीला येऊन थांबली. दलीला म्हणजे अनीसची आई, सिहामची होणारी सासू. दुकानदाराने शीतपेटीतून खोका काढून ठेवला. दलीलाने तो ओळखला. तिच्या धाकट्या बहिणीने हेच इंजेक्शन घेतलं होतं. गर्भाशयाचं अस्तर भलतीकडे वाढायचं, पाळीच्या वेळी ती गडाबडा लोळायची, म्हणून डॉक्टरांनी याच इंजेक्शनने तिची पाळी बंद ठेवली होती. त्या बहिणीला पुढे मूल झालं नाही.

"कुणासाठी गं हे?" दलीलाने विचारलं.

"घरी हवं होतं, लल्ला दलीला," सिहाम म्हणाली आणि तिचा चेहरा लाल झाला. तिला खोटं बोलता येत नव्हतं आणि खरं बोलायची बंदी होती.

दलीलाने संध्याकाळपर्यंत उलगडा करून टाकला. तो मी माझ्या दुकानात तिच्या दिराकडून ऐकला, अर्ध्या गालाला साबण लागलेला असताना. "मनूबियाची पाळी जाऊन किती वर्षं झाली. मग घरात उरलं कोण?" घरात एक पुरुषही आहे, हे तिच्या मनात आलंच नाही. तिच्या काय, कुणाच्याच आलं नाही. माझ्याही नाही. बायकांचं औषध म्हटलं की आपण पुरुषांना मोजतच नाही, आणि शादलीला तर मुळीच नाही.

मौलिद आला. बाकी जगात काय असेल ते असो, कैरवानचा मौलिद म्हणजे अख्खा देश आमच्या गल्लीत येतो. घराघरांत पाइनच्या बियांची काळी खीर शिजते, वर बदाम-पिस्त्याची नक्षी काढतात आणि वाट्या शेजारीपाजारी फिरतात. सोयरीक झालेल्या मुलीकडे त्या दिवशी सासरहून मौसिम येतो, म्हणजे सणाचं वाण. कापड, अत्तर, मिठाई, जमलं तर सोन्याचं काहीतरी. तो उघड्या परातीतून येतो, सगळ्यांनी पाहावा म्हणूनच. मनूबियाने बैठक झाडून घेतली, खिरीवर नक्षी काढली, सिहामने नवा झगा घातला. संध्याकाळ झाली, दिवे लागले, मशिदीकडे माणसांचा पूर लोटला, आणि परात आली नाही. दुसऱ्या दिवशीही आली नाही. अनीसचा फोनही आला नाही.

गल्लीला आणखी काय सांगावं लागतं? आठवडा झाला नाही तोवर पोरगी वांझ ठरली. बालवाडीतल्या एका आईने सिहामला हळूच हात धरून कुणा फकिराचा ताईत सुचवला. ती घरी आली, तिने पर्स खुंटीला अडकवली आणि बापापुढे जेवण वाढलं.

त्या रात्री मनूबिया बोलली. "सांगून टाका आता. पोरीचं लग्न मोडायला आलंय."

"निवळेल," शादली म्हणाला.

"कसं निवळेल? आपोआप?"

"लग्न झालं, मूल झालं, की तोंडं बंद होतील लोकांची. तिचा डाग धुतला जाईल. माझा कसा जाणार? उद्या कोण पालथं पडेल माझ्या हाताखाली? लल्ला शादली म्हणतील."

"तिचं लग्न व्हायला तर पाहिजे ना आधी."

यावर तो ओरडला. शेजारच्या खोलीत सिहाम जागी होती. भिंती पातळ आहेत आमच्या. हे त्याला माहीत होतं, आणि तरी तो सकाळी तिच्या हातचा चहा पिऊन कामावर गेला. हे सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता, माझ्या दुकानातल्या आरशाकडेही बघत नव्हता.

पुढच्या गुरुवारी मी हमामात होतो. हाजी मुनसिफ आले. शुक्रवारच्या नमाजाआधी शादलीच्या हातून न्हायचं, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. त्या दिवशी ते त्याच्या ओट्यावरून सरळ पुढे गेले आणि कोपऱ्यातल्या दुसऱ्या तय्याबासमोर जाऊन बसले. गरम खोलीत दहा-बारा माणसं होती. एकदम सगळ्यांना आपापल्या पायांचे तळवे घासायची आठवण झाली.

शादली हातात तांब्या घेऊन त्यांच्यापाशी गेला. "हाजी, काही चुकलं का?"

"तुझ्याशी माझं भांडण नाही, शादली. माणूस सोन्यासारखा आहेस."

"मग?"

"आता सगळ्यांसमोर बोलायला लावू नकोस."

"बोला."

हाजींनी आवाज खाली आणला, पण हमामाच्या घुमटाखाली कुजबुजसुद्धा चारी कोपऱ्यांत जाते. "आम्हाला एकच मुलगा आहे. नातवंडं नकोत का आम्हाला? आजारी पोर गळ्यात घालताना तू निदान कानावर तरी घालायचं होतंस. बापाने हे लपवावं?"

बापाने हे लपवावं. शादलीने हातातला तांब्या खाली ठेवला आणि ओलं बनियन डोक्यावरून काढलं.

मी बरीच अंगं पाहिली आहेत. पण ते बघून मी डोळे खाली केले. शादलीची ती पहाडासारखी छाती राहिली नव्हती. मऊ, बिनकेसाची, बाईसारखी भरलेली छाती होती, आणि बेंबीच्या दोन्ही बाजूंना सुईचे काळेनिळे डाग.

"इंजेक्शन माझं आहे," तो म्हणाला. "मला कॅन्सर आहे. पुरुषाचा. ते औषध बायकांना देतात तसं मलाही देतात. पोर फक्त आणायला जायची, मी पाठवायचो म्हणून. तिला काहीही झालेलं नाही."

नळ गळत होता. बहरी बेकरीवाला हसला, फुस्सकन, आणि लगेच तोंडावर हात ठेवला. मला त्याचा राग आला नाही. इतकी वर्षं ते हसू त्याच्या घशात अडकलेलं होतं.

"झाक ते," हाजी मुनसिफ म्हणाले. "शादली, अल्लाच्या नावाने सांगतो, अंग झाक." अंगावरचा साबण न धुताच ते उठून बाहेर गेले.

मी माझा कोरडा पंचा शादलीच्या खांद्यावर टाकला. "मला तरी सांगायचंस," मी म्हटलं.

"तुला?" तो म्हणाला. "तुझ्यापेक्षा मशिदीच्या मनोऱ्यावरून सांगितलं असतं, तर निदान आवाज तरी बरा आला असता."

खरं होतं ते. मला लाज वाटली, पण हायसंही वाटलं, कारण टोला जुन्या शादलीचाच होता. बाहेर येऊन त्याने दोन ग्लास चहा घेतला. चेहरा उतरला होता, तरी मोठी शिळा डोक्यावरून उतरवल्यासारखा दिसत होता. म्हणाला, "झालं ते झालं. पोरीचं गंगेत घोडं न्हालं म्हणजे मिळवली." गंगा आमच्याकडे नाही, त्याने आपल्या बोलीत म्हटलं ते मी तुमच्या बोलीत सांगतोय.

दोनच दिवसांत हाजींचा निरोप आला, आम्ही येतो. शादलीने मलाही बोलावलं. असल्या वेळी घरात एक बाहेरचा जाणता माणूस असावा लागतो, आणि गल्लीत त्याला दुसरा कुणी मिळाला नसावा. त्याने ईदचा जुब्बा घातला होता, वर जाड बंडी, छाती झाकायला. माझ्याकडून दाढी करून घेतली होती. इतक्या महिन्यांत मी त्याला पहिल्यांदाच असा मोकळा पाहिला. सगळं जग आपल्याला हसणार ही भीती होती ती होऊन गेली होती, आणि त्याची किंमत म्हणून लेकीचं घर वाचलं होतं. हमामात त्याच्या हाताखाली माणसंही येत होती, कमी झाली होती, पण येत होती. आपण मोठं काम केलं असं त्याला वाटत होतं. मलाही तसंच वाटत होतं.

हाजी आले, दलीला आली, मागून अनीस आला. आणि परात आली. उशिरा आली तरी भरगच्च आली. रेशमी कापड, अत्तर, मकरूद मिठाईच्या राशी आणि वर सोन्याची बांगडी. गल्लीतल्या बायका दारांत उभ्या राहून बघत होत्या, म्हणजे दलीलाने मुद्दाम लांबच्या रस्त्याने आणली असणार. मनूबिया रडत रडत हसत होती. सिहामने नारिंगाच्या फुलांचं पाणी घातलेली कॉफी आणली, एकेकाला दिली आणि आईशेजारी बसली.

"चूक झाली गं माझी," दलीला म्हणाली. बाई तोंडाळ आहे, पण त्या दिवशी मनापासून बोलत होती. "मला मेलीला काय माहीत. उगाच तुझ्यावर आळ आला. तुझ्यात काहीएक दोष नाही, आता सगळ्या गावाला कळलंय."

"आणि असता तर?" सिहामने विचारलं.

"काय असता तर?"

"इंजेक्शन माझं असतं तर?"

दलीलाने हाजींकडे पाहिलं. "नाहीये ना पण. मग कशाला तो विषय, पोरी?"

"नाही, विचारते. तुमच्या बहिणीसारखं मला काही असतं, मी कळा सोसत असते आणि ते इंजेक्शन मला टोचलं जात असतं, तर आज ही परात आली असती का?"

दलीलाने कॉफीचा पेला खाली ठेवला. सिहाम अनीसकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

"तू एक फोन करून विचारायचंस. दुखतंय का, एवढंच."

"आई म्हणाली, थोडं थांब," अनीस म्हणाला आणि आपल्या बुटांकडे बघू लागला.

सिहामने बोटातली अंगठी काढली, परातीत बांगडीशेजारी ठेवली आणि परात दोन्ही हातांनी दलीलापुढे सरकवली. मनूबियाने तिचा दंड धरला. दलीला गोंधळली, मग घायकुतीला आली आणि शादलीकडे वळली.

"शादलीभाई, तुम्ही तरी सांगा तिला. बाप आहात. एवढं सगळं तुम्ही तिच्यासाठी केलंत."

शादली सावरून बसला. बोलायला त्याने तोंड उघडलं, आणि खरं सांगतो, त्याच्या चेहऱ्यावर अजून तो मोकळेपणा होता.

"सिहाम, बेटा..."

"बाबा, हे लोक बाहेरचे होते," सिहाम म्हणाली. "त्यांना माहीत नव्हतं. तुम्ही तर घरात होतात."

हमामात बारा माणसांसमोर उघडा उभा असताना शादलीची मान ताठ होती, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आता अंगावर जुब्बा होता, बंडी होती, आणि त्याला कुठे बघावं ते कळेना. त्याने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि मान जी खाली घातली ती घातली. हाजी उठले, दलीलाने परात उचलली, अनीस आधीच अंगणात गेला होता. पाहुण्यांना दार मीच उघडून दिलं, कारण घरच्या माणसाला उठवेना.